हिंवाळ्यांतील एक शेत आणि तें पाहण्याची रीत

सोलापूरच्या रहिवाशाला हिंवाळा म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. वर्षांतील बहुतेक महिने ज्या उन्हाची त्याला धास्ती वाटते, तेंच ऊन मार्गशीर्ष-पौषांत हवेंहवेंसें होतें. शेतांत शाळू निसवतो, हुरड्याचे दिवस येतात, काळ्या रानावर पहांटे दंव पडतें, सिद्धेश्वराच्या तळ्यावर धुक्याचा पातळ पडदा उतरतो आणि संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेनें शहर गजबजून जातें. हें सर्व तो दरवर्षीं पाहतो. परंतु हिंवाळ्यांतील सकाळचा रंग कोणता, असा प्रश्न त्याला विचारला तर तो क्षणभर थबकेल, आणि मग सांगेल कीं माती काळी, पीक हिरवें, आकाश निळें. आणि सांवली? सांवली अर्थातच काळी. हें उत्तर डोळ्यांनीं दिलेलें नसून स्मरणानें दिलेलें असतें. माती काळी असते हें ठाऊक असल्यामुळें ती काळी दिसते असें मनुष्य मानून चालतो. त्या घटकेस ती खरोखर कशी दिसत होती, हें पाहण्याचे श्रम तो सहसा घेत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्स देशांतील कांहीं चित्रकारांनीं हे श्रम घेण्याचा निश्चय केला. ठाऊक असलेली वस्तु न काढतां, त्या वेळीं, त्या उजेडांत डोळ्यांना जें दिसलें तेवढेंच कापडावर उतरावयाचें, हा त्यांचा बाणा होता. सरकारमान्य प्रदर्शनांत त्यांच्या चित्रांना वारंवार नकार मिळाला. तेव्हां १८७४ च्या एप्रिल महिन्यांत पॅरिस येथें, नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओंत, सुमारें तीस जणांनीं आपलें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. त्यांत क्लोद मोने याचें एका बंदरांतील सूर्योदयाचें चित्र होतें व त्याच्या नांवांत ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. लुई लरुआ नांवाच्या टीकाकारानें तोच शब्द उचलून या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणविलें. हिणविण्यासाठीं दिलेलें नांव पुढें मानाचें ठरलें. मराठींत या पंथाला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतात, आणि तो शब्द मूळ शब्दाहूनही नेमका आहे. कारण डोळ्यांना आलेला प्रत्यय हेंच या पंथाचें सारें भांडवल होय.

त्याच प्रदर्शनांत कामीय पिसारो या चित्रकाराचें ‘पांढरें दंव’ या नांवाचें एक चित्र होतें. तें १८७३ सालीं काढलेलें असून आज पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयांत आहे. दोन फुटांहून थोडें अधिक उंच आणि तीन फूट रुंद अशा या तैलचित्रांत काय आहे, हें सांगावयास चार वाक्यें पुरतात. पोंत्वाज गांवाजवळचें एक नांगरलेलें शेत आहे व त्यांतून एक जुनी वाट गेली आहे. वाटेनें एक शेतकरी पाठीवर सरपणाची मोळी घेऊन, काठी टेकीत चालला आहे. रात्रीं गोठलेल्या दंवाचा पांढुरका थर मातीवर आणि गवतावर अजून टिकून आहे. वर थंडीच्या दिवसांतलें फिकट आकाश आहे.

फ्रान्समधील असंख्य हिंवाळी चित्रांतून हेंच येथें निवडण्याचें कारण उघड आहे. बर्फानें झांकलेला प्रदेश सोलापूरच्या कुटुंबांतील फार थोड्या मंडळींनीं पाहिलेला असेल. परंतु नांगरलेलें रान, तासांवर पडलेलें कोंवळें ऊन आणि मोळी घेऊन चाललेला मनुष्य कोणीं पाहिला नाहीं? तुळजापूरच्या किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यानें सकाळच्या गाडीनें जाणाऱ्याला हें दृश्य खिडकींतून फुकट दिसतें. अशा परिचित विषयावरील चित्र समजावयास सोपें जावें अशी अपेक्षा असते. परंतु पॅरिसच्या लोकांनाही तें सोपें गेलें नाहीं. लरुआनें आपल्या लेखांत जुन्या वळणाच्या एका चित्रकाराला पात्र म्हणून उभें केलें आणि त्याच्या तोंडून असा अभिप्राय वदविला कीं, हीं तासें नव्हेत आणि हें दंवही नव्हे. रंगाच्या पाटीवरचें खरवडण मळक्या कापडावर थापलें आहे, एवढेंच. हंसणारांना शेत दिसलेंच नाहीं, फक्त रंग दिसला. त्यांना शेत कां दिसलें नाहीं, हें समजून घेणें म्हणजेच हें चित्र पाहावयास शिकणें होय.

प्रथम सांवल्यांकडे पहावें. शेतावर तिरकस, लांबच लांब अशा कित्येक सांवल्या पडल्या आहेत. त्या तासांना आडव्या छेदून गेल्या आहेत व जमिनीच्या चढउताराप्रमाणें त्यांचा आकार किंचित् वांकला आहे. या सांवल्या झाडांच्या आहेत हें सहज कळतें. परंतु तीं झाडें चित्रांत कोठेंच नाहींत. तीं चौकटीबाहेर, पाहणाराच्या बाजूला कोठें तरी उभीं आहेत. म्हणजे चित्रकारानें पाहणाराला हळूच शेताच्या कडेला, झाडांच्या रांगेजवळ नेऊन उभें केलें आहे. सूर्यही दिसत नाहीं, पण तो कोणत्या बाजूस आणि किती खालीं आहे हें सांवल्याच सांगतात. जें दाखविलें नाहीं तें जें दाखविलें आहे त्यावरून ओळखावयाचें, हें काम पाहणाऱ्यावर सोपविलेलें आहे. दाखविलेल्या वस्तूंची केवळ यादी करणाऱ्याच्या हातीं म्हणून फार थोडें लागतें.

या सांवल्या इतक्या लांब कां, याचें उत्तर भूगोलांत आहे. पोंत्वाज हें उत्तर अक्षांश ४९ वर वसलेलें आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथें भर मध्यान्हींसुद्धां सूर्य क्षितिजापासून साडेसतरा अंशांपेक्षां वर चढत नाहीं, आणि तेव्हां माणसाची सांवली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. सोलापूर साडेसतरा अक्षांशांच्या जवळपास आहे. तेथें त्याच दिवशीं दुपारीं सूर्य एकोणपन्नास अंशांपर्यंत चढतो आणि सांवली उंचीपेक्षांही थोडी आंखूड राहते. उत्तर फ्रान्समधील हिंवाळ्याची दुपार सोलापुरांत पहावयाची असेल, तर डिसेंबरच्या अखेरीस सकाळीं सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास घराबाहेर पडावें. त्या वेळीं सूर्य बरोबर तितकाच खालीं असतो. मुलें शाळेला निघालेलीं असतात आणि त्यांच्या सांवल्या रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोंचतात. जें ऊन सोलापुरांत सकाळीं थोडा वेळ टिकतें, तेंच तिकडे हिंवाळ्यांत दिवसाचें सर्वांत चढतें ऊन असतें. तेथील चित्रकार हिंवाळ्याकडे पुनः पुनः कां वळले, याचें एक कारण यांतच आहे. तिरप्या उन्हांत जमिनीचा प्रत्येक उंचवटा आपली सांवली टाकतो, आणि सपाट वाटणारें शेत सुरकुत्यांनीं भरलेल्या तळहातासारखें वाचतां येतें.

आतां सांवलीच्या रंगाकडे वळावें. पिसारोच्या शेतांतील सांवल्या काळ्या नाहींत. उन्हांतील माती पिवळसर व तांबूस आहे, आणि सांवलींतील मातीवर व दंवावर निळसर, कोठें हिरवट छटा आहे. १८७४ सालच्या प्रेक्षकांना हें वेड्याचें चाळे वाटलें, कारण चित्रशाळेंत सांवली म्हणजे तपकिरी किंवा काळा रंग अशी शिकवण होती. परंतु शास्त्र पिसारोच्या बाजूनें आहे. उघड्या जागेवर दोन ठिकाणांहून प्रकाश येतो, एक सूर्याकडून आणि दुसरा सबंध आकाशाकडून. सूर्याचा प्रकाश सकाळीं पिवळट असतो व आकाशाचा निळा. झाड सूर्याला अडवितें, आकाशाला नव्हे. म्हणून सांवलींत उजेड नसतो असें म्हणणें चूक आहे. तेथें सूर्याचा उजेड नसतो, आकाशाचा असतो, आणि तो निळा असतो. पृष्ठभाग जितका पांढरा तितकी ही निळाई अधिक स्पष्ट दिसते. पांढऱ्या दंवावर आणि बर्फावर ती लपून राहूं शकत नाहीं.

याची प्रचीति घेण्यास बर्फाची आवश्यकता नाहीं. सिद्धरामेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर शेंकडों भक्त शुभ्र बाराबंदी घालून चालत असतात. जानेवारीच्या स्वच्छ सकाळीं त्या शुभ्र वस्त्रांच्या चुण्यांकडे नीट पहावें. उन्हाकडची बाजू किंचित् पिवळसर दिसेल आणि चुण्यांच्या आंतील सांवली निळसर दिसेल. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर किंवा नव्यानें चुना दिलेल्या भिंतीवरही हेंच दिसतें. एकदां दिसलें कीं मग तें पुनः न दिसणें अशक्य होतें. कित्येकांना असें वाटतें कीं चित्रकारांनीं सांवली निळी ‘केली’. वस्तुतः ती पूर्वींही निळीच होती. त्यांनीं ती काळी करण्याचें नाकारलें, इतकेंच.

रंगाविषयीं आणखी एक गोष्ट या चित्रांच्या मुळाशीं आहे, आणि ती सोलापूरसारख्या विणकरांच्या शहराला विशेष जवळची वाटावी अशी आहे. कारण तिचा शोध चित्रशाळेंत न लागतां कापड रंगविण्याच्या कारखान्यांत लागला. पॅरिसच्या गोब्लँ येथील विख्यात चित्रपट विणणाऱ्या कारखान्यांत मिशेल यूजेन शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगखात्याचा प्रमुख होता. तेथें अशी तक्रार आली कीं कांहीं रंगांचे, विशेषतः काळे, धागे विणल्यावर फिके दिसतात. शेवरलनें रंग तपासला. त्यांत खोट नव्हती. मग त्यानें शेजारचे धागे तपासले आणि दोष तेथें सांपडला. एकच धागा एका रंगाशेजारीं गडद दिसतो आणि दुसऱ्या रंगाशेजारीं मरगळतो. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेस ढकलतो. नारिंगीशेजारचा राखी रंग निळसर भासतो, तांबड्याशेजारचा राखी हिरवट भासतो. या नियमाचें सविस्तर विवेचन करणारा त्याचा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला.

सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर विणणाऱ्या कारागिराला हा नियम सांगावा लागत नाहीं. भुईसाठीं कोणता रंग घेतला असतां नक्षी उठून दिसेल आणि कोणता घेतला असतां ती बुडेल, हें त्याचे डोळे जाणतात. पिसारो व त्याचे सोबती यांनीं हेंच ज्ञान रंगाच्या पाटीवर आणलें. त्या सर्वांनीं शेवरलचा ग्रंथ पाठ केला होता असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु रंग एकटा नसतो, तो शेजाऱ्यांसह असतो, हें तत्त्व त्यांनीं पुरतें आत्मसात् केलें होतें. उन्हाचा पिवळा पट्टा जितका उबदार, तितकी त्यालगतची सांवली अधिक निळी भासते. आणि सांवली जितकी निळी, तितकें ऊन अधिक सोनेरी होतें. ‘पांढऱ्या दंवां’तील थंडी ही अशी रंगांच्या शेजारानें निर्माण झालेली आहे. त्यांतील एखाद्या फटकाऱ्याचा रंग वेगळा काढून कागदावर लावला, तर तो थंड वाटणारही नाहीं.

याच चित्रकारांनीं घराबाहेर बसून इतक्या त्वरेनें काम कसें केलें, असाही प्रश्न उद्भवतो. पूर्वीं रंग खलून तेलांत कालवावा लागे आणि तो साठविण्यासाठीं जनावराच्या मूत्राशयाच्या पिशव्या वापरीत. त्या फुटत आणि रंग वाळे. १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें जस्ताची नव्हे, तर कथलाची दुमडतां येणारी नळी काढली व तिला झांकण बसविलें. टूथपेस्टच्या नळीसारखीच ती नळी. तिच्यामुळें चित्रकाराला रंगांची पेटी खांद्याला अडकवून शेतावर जातां येऊं लागलें. परंतु शेतावर गेल्यावर घड्याळ त्याच्या विरुद्ध असे. दंव ऊन चढतांच वितळतें, सांवली पाहतां पाहतां सरकते. जें चित्र काढावयाचें तेंच डोळ्यांदेखत बदलत असतां गुळगुळीत रंग घोंटीत बसण्यास सवड कोठली? म्हणून लहान, तुटक, वेगळाले फटकारे आले. त्यांना निष्काळजीपणा समजणें हा अन्याय आहे. धावतें बोलणें लिहून घेणाऱ्याची लिपि जशी लघु होते, तशी ही कुंचल्याची लघुलिपि आहे.

ही लघुलिपि वाचावयाची म्हणजे योग्य अंतरावर उभें राहिलें पाहिजे. चादर डोळ्यांशीं धरली तर ताणा-बाणा दिसतो, नक्षी दिसत नाहीं. तीच खाटेवर पसरून दाराशीं उभें राहिलें कीं नक्षी उमटते. तीन फूट रुंद चित्र सहासात फुटांवरून पहावें. तेथून निरनिराळे फटकारे एकमेकांत मिसळतात आणि शेत, दंव व हवा यांचा एकदम प्रत्यय येतो. मग पुढें जाऊन पहावें, म्हणजे तें शेत कशाचें बनलें आहे तें कळतें. पुनः मागें यावें. हें मागें-पुढें जाणें म्हणजेच असें चित्र पाहणें होय; एका जागीं उभें राहून तें पुरतें हातीं येत नाहीं. लरुआचें पात्र फार जवळ उभें होतें, इतकाच त्याचा अपराध.

आजच्या घरांतून मूळ चित्राऐवजीं पुस्तकांतील छाप किंवा दूरध्वनीच्या पडद्यावरची प्रतिमा पाहण्यांत येते. तिनें सोय होते, परंतु एक हानिही होते. तीन फुटांचें चित्र वीतभर झालें कीं सर्व फटकारे आपोआप एकजीव होतात. जें मिसळण्याचें काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीं करावयाचें, तें आकारानेंच उरकून टाकलेलें असतें, आणि मग चित्र एखाद्या साध्या छायाचित्रासारखें वाटूं लागतें. यावर उपाय सोपा आहे. प्रथम सबंध चित्र पहावें, मग त्याचा एखादा लहान भाग मोठा करून पहावा आणि त्यांत किती रंग वेगवेगळे आहेत ते मोजावे. ज्या मातीला एक रंग आहे असें वाटलें होतें तिच्यांत चारपांच निघतात. मग पुनः सबंध चित्राकडे यावें.

हिंवाळ्याचीच दुसरी एक कसोटी मोने याच्या ‘मॅगपाय’ या चित्रांत आहे. १८६८-६९ च्या हिंवाळ्यांत नॉर्मंडी प्रांतांत काढलेलें हें चित्र १८६९ सालच्या सरकारमान्य प्रदर्शनानें नाकारलें. आज तेंही म्यूझे दॉर्सेमध्यें आहे. बर्फानें झांकलेलें अंगण, काटक्यांचें कुंपण, आणि फाटकावर बसलेला कावळ्याच्या कुळांतील एक काळापांढरा पक्षी, एवढाच त्याचा विषय आहे. चित्राचा बहुतेक भाग पांढरा असूनही निव्वळ पांढऱ्या रंगाची जागा त्यांत शोधावी लागते. ऊन लागलेला बर्फ पिवळसर वा गुलाबी, कुंपणाच्या सांवलींतला बर्फ निळा, दूरचा बर्फ करडा. पांढऱ्या वस्तूला स्वतःचा रंग नसल्यामुळें ती दिवसाचा रंग धारण करते. सोलापूरच्या बाजारांत कापसाचा ढीग ज्यानें सकाळीं व संध्याकाळीं पाहिला असेल त्याला हें सांगावयास नको.

या चित्रांविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. सुशिक्षित मराठी कुटुंबाची चित्राशीं ओळख बहुधा राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनीं झाली. त्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि देवादिकांचीं व पुराणांतील प्रसंगांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. त्या चित्रांत कोण आहे, काय घडलें आहे आणि कोणाच्या मनांत काय चाललें आहे हें चेहऱ्यावरून वाचतां येतें. त्यापुढें नांगरलेल्या शेताच्या चित्रांत भाव कोठें आहे, असें विचारणें स्वाभाविक आहे. याचें उत्तर असें कीं, रविवर्मा कथा सांगतो व पिसारो वेळ सांगतो. कथा पुनः सांगतां येते, परंतु गेलेली घटका पुनः येत नाहीं. मोळीवाल्या शेतकऱ्याला पिसारोनें चेहरा दिलेला नाहीं. त्याची कींव केली नाहीं आणि त्याला वीरपुरुषही बनविलें नाहीं. ज्या फटकाऱ्यांनीं तासें काढलीं त्याच फटकाऱ्यांनीं त्याला काढलें आहे. सांवल्यांचे पट्टे ओलांडीत तो चालला आहे. घरीं चूल पेटावयाची आहे आणि थंडी आहे. त्या सकाळीं तो मनुष्य, ती माती आणि तें ऊन एकाच किमतीचीं होतीं, हाच या चित्राचा भाव आहे. तो चेहऱ्यावर शोधणाऱ्यास मिळत नाहीं, सबंध चित्रांत शोधणाऱ्यास मिळतो.

हें शिकणें केवळ हौसेचें नाहीं. चित्र पाहतां न आल्याची किंमत चित्राला द्यावी लागते. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें तेव्हां पिसारो लूव्हसिएन गांवीं राहत होता. तो कुटुंबासह लंडनला गेला आणि त्याच्या घरांत शत्रूचे सैनिक उतरले. बागेंतील चिखलांतून चालतांना पाय भरूं नयेत म्हणून त्यांनीं त्याचीं चित्रें जमिनीवर अंथरलीं. सुमारें वीस वर्षांच्या श्रमांतील पंधराशेंच्या घरांतलीं चित्रें होतीं, त्यांपैकीं चाळिसांच्या आसपास उरलीं असें सांगतात. त्या सैनिकांना चित्रांचा द्वेष नव्हता. त्यांना तीं दिसलीं नाहींत, जाड कापड दिसलें. ज्या मनुष्यानें हा घाला सोसला त्यानेंच दोनतीन वर्षांनीं शेताच्या कडेला उभें राहून ‘पांढरें दंव’ काढलें, हें चित्र पाहतांना विसरतां कामा नये.

अशी हानि परदेशांतच होते असें नाहीं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचें नांव महाराष्ट्रांतील निसर्गचित्रकारांत अग्रभागीं घेतलें जातें. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें त्यांचें शिक्षण झालें, आणि कोल्हापुरास परतल्यावर छत्रपति शाहू महाराजांचा त्यांना आश्रय लाभला. स्वभावानें ते फकीर होते. कोटितीर्थाचें तळें, त्याच्या कांठचीं झाडें आणि पाण्यावर पडणारा उजेड हा त्यांचा आवडता विषय. एकाच तळ्याकडे वेगवेगळ्या वेळीं जाऊन, बदलत्या प्रकाशांत तें पुनः पुनः रंगविण्याचा त्यांचा परिपाठ होता. पिसारो-मोने यांच्या पंथाशीं त्यांचें नातें जाणकार जोडतात तें यासाठींच. पॅरिस न पाहतां, पंचगंगेच्या परिसरांत राहून एक मराठी मुलखांतला चित्रकार प्रकाशाच्या त्याच प्रश्नाशीं झुंजत होता.

शाहू महाराज १९२२ सालीं निवर्तले. त्यानंतर, आतां हीं चित्रें पाहणारा कोण उरला, अशा उद्विग्नतेनें आबालाल यांनीं आपलीं पुष्कळशीं चित्रें त्याच कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं, अशी हकीकत कोल्हापुरांत सांगितली जाते. १९३१ सालीं ते वारले. त्यांचीं जीं थोडीं चित्रें मागें राहिलीं त्यांपैकीं कांहीं कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयांत पहावयास मिळतात. हकीकतींतील बारकावे कसेही असोत, तिचें मर्म स्पष्ट आहे. लूव्हसिएनला चित्रें चिखलांत गेलीं कारण पायाखालीं काय आहे तें सैनिकांना दिसलें नाहीं. कोल्हापुरांत तीं पाण्यांत गेलीं कारण पाहणारा एक गेल्यावर दुसरा दिसेना. चित्र काढणारा कितीही मोठा असो, त्याचें अर्धें चित्र कापडावर असतें आणि उरलेलें अर्धें पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पुरें व्हावयाचें असतें. तो डोळा तयार नसेल तर चित्र भिंतीवर टांगलेलें असूनही बुडाल्यासारखेंच आहे.

हा डोळा तयार करण्यास पॅरिसचा प्रवास किंवा मोठें द्रव्य लागत नाहीं. कोल्हापुरास देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबानें टाउन हॉलसाठीं एक तास राखून ठेवावा आणि आबालाल यांच्या प्रत्येक चित्रापुढें उभें राहून, ही घटका कोणती आणि ऊन कोणत्या बाजूचें, एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारावे. घरीं असतां हिंवाळ्यांतील एखाद्या सकाळीं अंगणांतली सांवली पांच मिनिटें नुसती पहावी. सर्वांत मोठें काम मात्र मुलांच्या बाबतींत आहे. मुलाचे डोळे अजून स्मरणाच्या ताब्यांत गेलेले नसतात. त्याला जें दिसतें तें तो निःशंकपणें काढतो. त्यानें झाडाखालची सांवली निळ्या खडूनें रंगविली, तर वडील माणसानें त्याच्या हातीं काळा खडू देण्याची घाई करूं नये. आधीं उठून एकदां खिडकीबाहेर पहावें.